खिडकीतली पुस्तकं

केतकी नलवडे सकाळी घराबाहेर पडायची तेव्हा तिचा नवरा फाटकाशी उभा राहून ठेक्यात म्हणायचा, "चावी, मोबाईल, चष्मा, डबा." प्रत्येक शब्दाला ती पर्स, खिसा, डोकं आणि पिशवी चाचपायची. चारांतली एक वस्तू हमखास आत राहिलेली असायची. मग ती आत पळायची, आत गेल्यावर आपण कशाला आलो ते विसरायची, दोरीवरचे अर्धेच टॉवेल काढून बाहेर यायची, आणि तोवर योगेश स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात घालून डबा काढून उभा असायचा. दूध संघाच्या शीतगृहातली यंत्रं सांभाळणाऱ्या या माणसाला कामावर तापमानात जरासा फरक खपत नसे. बायकोच्या बाबतीत मात्र त्याने सगळे फरक कधीच मंजूर करून टाकले होते.

बाकी जगाने ते मंजूर केले नव्हते. बँकेतून, शाळेतून, विम्याच्या कचेरीतून केतकी बाहेर पडली होती, किंवा गोड बोलून तिला बाहेर काढलं होतं. घरात अर्धं विणलेलं स्वेटर होतं, अर्धी रंगवलेली गॅलरी होती, वकिलीचं एकच वर्ष होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर सोनवण्यांनी तिला सांगितलं की तुम्ही आळशी नाही, बेफिकीरही नाही. तुम्हाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकू न देणारा विकार आहे आणि तो लहानपणापासून आहे. हे ऐकून ती दवाखान्यात ढसाढसा रडली. येताना छत्री तिथेच विसरली.

आता काही वर्षं ती कऱ्हाडच्या लोकरंजन वाचनालयात ग्रंथपाल होती, तीही तात्पुरती. ग्रंथपालाचं काम म्हणजे बसून राहायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते करून बघावं. परत आलेलं पुस्तक घ्यायचं, त्याच्या नंबराच्या जागी नेऊन ठेवायचं, एवढीच गोष्ट दिवसभर करायची. केतकी पुस्तक घेऊन निघायची. वाटेत पंख्याचा कर्र आवाज यायचा, कुणी तरी खोकायचं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं जहाज बघून तिला गोव्याची सहल आठवायची, सहलीवरून सासूबाईंची औषधं, आणि दहा मिनिटांनी ती भलत्याच खोलीत रिकाम्या हाताने उभी असायची. पुस्तक कुठे राहिलं ते देवाला ठाऊक. वाचनालयात चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यांत काही फरक नसतो.

कार्यवाह खटावकर सर निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी तिला रीतसर मेमो दिला. त्यात लिहिलं होतं की पुस्तके जिन्यात, पाण्याच्या टाकीवर आणि वारंवार मुक्तद्वार विभागाच्या खिडकीत आढळतात. मुक्तद्वार विभाग म्हणजे कुणीही यावं, बसावं आणि फुकट वर्तमानपत्रं वाचावीत अशी खोली. तिथे पुस्तकांना बंदी होती. पुस्तकं फक्त सभासदांना.

"मी तुमच्या विरुद्ध नाही, नलवडे मॅडम," सर म्हणाले होते. "पण समितीला आता नंबर दाबला की आपोआप पुस्तक काढून देणारं कपाट हवंय. शेजारच्या तालुक्यात बसलंसुद्धा. त्याला पगार नाही, रजा नाही. तुमच्या बाजूने मी कशाच्या जोरावर बोलू? पाडव्याच्या आधी सरकारी तपासणी आहे. तोवर सगळ्या साठ्याची पडताळणी पुरी करा. प्रत्येक पुस्तक जागेवर दिसलं तर तुमच्या कायम नेमणुकीचा ठराव मी स्वतः मांडतो."

कायम. हा शब्द केतकीच्या आयुष्यात कशालाच लागला नव्हता. तिला तो इतका हवासा वाटला की घरी जाताना ती दोन बसथांबे पुढे गेली.

तोवर टिकली बाजारात येऊन जुनी झाली होती. कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण कपाळाला लावायची म्हणून लोकांनी टिकलीच म्हटलं. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधली पोरं ती केसांखाली लपवून लावायची. केतकीला पूर्वी दिलेल्या गोळ्यांनी छातीत धडधडायचं, म्हणून डॉक्टर सोनवण्यांनी टिकली सुचवली.

तिचं शास्त्र असं होतं. मेंदूतले काही भाग हातातल्या कामाकडे बघतात. दुसरे काही भाग माणूस रिकामा असला की जागे होतात, जुन्या आठवणी चाळतात, उद्याची काळजी करतात, मनोराज्यं रचतात. बहुतेकांच्यात एक गट जागा झाला की दुसरा पेंगतो. केतकीसारख्यांच्यात दोन्ही एकदमच जागे राहतात, एका रेडिओवर दोन स्टेशनं लागावीत तसे. टिकली कपाळावरून मेंदूच्या विजेच्या लहरी वाचायची. लक्ष निसटायच्या बेतात आहे हे त्या लहरींवरून माणसाच्या आधी तिला कळायचं. मग ती कपाळाच्या नसेला मुंगी चालल्याइतका हलका विजेचा स्पर्श करायची. ही नस थेट मेंदूच्या देठाकडे जाते, आणि तिथे एक निळसर बारीक ठिपका असतो. समोरच्या गोष्टीसाठी मेंदूला किती जागं ठेवायचं ते बऱ्याच अंशी तोच ठरवतो. मुंगी चालली की ठिपका सावध व्हायचा आणि सुटू पाहणारं लक्ष मुकाट कामावर यायचं.

पण काम म्हणजे काय, हे टिकलीला कुठून कळावं? ते तिला शिकवावं लागे. सुरुवातीच्या दिवसांत आपण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काही करत असलो की टिकलीवर बोट टेकवायचं. त्या वेळच्या लहरी ती लक्षात ठेवायची. बाकीचं सगळं तिच्या लेखी भटकणं.

"घाई करू नका," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "घरी शिकवा, बाहेर शिकवा, माणसांशी बोलताना शिकवा. तुम्ही दाखवाल तेवढंच ती काम मानेल. मागाहून त्यात भर घालता येत नाही. हे बटण दाबून धरलं की सगळं पुसतं आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं."

हे सांगत असताना केतकी त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटमधला बुडबुडा बघत होती. बटणाचं तेवढं तिच्या कानात राहिलं. घाई करू नका हे राहिलं नाही.

त्या दिवसांत पडताळणीसाठी देवघेव बंद होती. केतकी पुस्तकांच्या खोलीत एकटी असायची. पुस्तक काढायचं, नंबर बघायचा, जागेवर ठेवायचं, टिकलीवर बोट. पुस्तक, नंबर, जागा, बोट. टिकली हुशार विद्यार्थिनी निघाली. तिने तेवढंच शिकून घेतलं आणि अगदी पक्कं शिकून घेतलं.

मग जे झालं ते केतकीला आधी खरंच वाटेना. एक अख्खं कपाट पुरं झालं. दुसरं झालं. मनात काही उठलं की कपाळावर मुंगी चालायची आणि उठलेलं खाली बसायचं. संध्याकाळी तिने कपाटांच्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. इतकी वर्षं लोक म्हणत आले होते, जरा लक्ष दे ना, काय अवघड आहे त्यात. आणि आता तिला कळलं की ज्यांना ते जमतं त्यांना ते खरंच अवघड नसतं. त्या सगळ्यांचा तिला जाम राग आला. रागाकडे बघत बसायला मात्र वेळ नव्हता, मुंगी चालली.

देवघेव सुरू झाली तरी तिचा वेग कमी झाला नाही. काऊंटरवर माणसं यायची, ती खाली मान घालून पुस्तकं घ्यायची, द्यायची. एकदा बांगड्यांचा आवाज झाला. "मॅडम, जरा इचारायचं हुतं," कुणी तरी म्हणालं. "सभासदत्वाचा फॉर्म हणमंतरावांकडे," केतकीने शिपायाकडे बोट दाखवलं. ती बाई आणखी काही बोलली असावी. मुंगी चालली आणि तो आवाज पुढच्या बोळात गेल्यासारखा लांब गेला.

घरी ती टिकली काढून ठेवायची, पण नीटनेटकेपणाचा जोर सकाळपर्यंत अंगात पुरायचा. पिशवी भरलेली असायची. एके दिवशी योगेशने फाटकाशी "चावी" म्हटलं, तेव्हा तिने चारही वस्तू एकदम दाखवल्या.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"बरं. मग... सांभाळून जा." ती वळणापर्यंत गेली तरी तो फाटकाची कडी उगीच वरखाली करत होता. त्याच्या शीतगृहात नवी यंत्रं आली होती आणि जुन्या माणसांचं काय करणार यावर चर्चा चालू होती, हे त्याने तिला आदल्या संध्याकाळी मेथी निवडताना सांगितलं होतं. तिने मेथी फार सुरेख निवडली. बोलण्यातलं 'नवी यंत्रं' एवढंच तिच्या कानात राहिलं.

शेवटची दोन कपाटं राहिली तेव्हा चिंध्या सापडायला लागल्या. एका पुस्तकात शेवटच्या पानाशी बोटभर लांबीची पोपटी पट्टी, कडा नक्षीच्या कात्रीने कातरलेल्या. दुसऱ्यात डाळिंबी. तिसऱ्यात मोरपिशी. केतकी पट्टी काढून टोपलीत टाकायची आणि पुढचं पुस्तक घ्यायची. ही पुस्तकं एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली होती: मधमाशापालन, रोगांचा इतिहास, दर्यावर्दी गलबतांची एक जाडजूड कादंबरी. आणि मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. म्हणजे ती कुणीच कधी घरी नेली नव्हती.

दुपारी जेवताना टिकली चार्जिंगला लावलेली होती. केतकीचं लक्ष टोपलीकडे गेलं. किती दिवसांनी तिचं लक्ष असं आपल्या पायांनी कुठेतरी गेलं. टोपलीत रंगांचा ढीग झाला होता. हे सगळं कुणीतरी वाचलंय, पार शेवटपर्यंत वाचलंय, तिला वाटलं. फक्त गलबतांच्या कादंबरीतली जांभळी पट्टी अर्ध्यावरच होती.

"हणमंतराव, या चिंध्या कुणाच्या हो?"

हणमंतराव वाचनालयाचे शिपाई. डबा धुता धुता त्यांनी वळून बघितलं. "रेहानाभाभीच्या. समोरच्या बोळात फॉल-पिकोची मशीन हाय न्हवं, त्या शिकलगारांच्या."

"पण त्या सभासद नाहीत ना?"

"न्हाईत की. म्हणून तर तुमी खिडकीत ठेवत हुता." त्यांनी आवाज खाली आणला. "दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या मुक्तद्वारात येऊन बसायच्या. खिडकीत तुमी ठेवलेलं काढायच्या, वाचायच्या, परत ठेवायच्या. सरांना कळू नये म्हणून गपचिप चाललंय, म्हणलं आपण कशाला बोला. मला ते लय आवडायचं, खरं सांगतो."

केतकीला आधी हसू आलं. तिने आयुष्यात एकही पुस्तक कुणासाठी खिडकीत ठेवलं नव्हतं. ती फक्त विसरत होती.

"आता येत नाहीत का त्या?"

"तुमी टिकली लावल्यापास्नं खिडकी मोकळीच की. मधी एकदा काऊंटरवर आलत्या, तुमाला काय तरी इचारायला. तुमी फॉर्मकडं बोट दावलं." हणमंतरावांनी डबा पुसला. "मग न्हाई आल्या."

बांगड्यांचा आवाज. एवढंच तिच्याकडे शिल्लक होतं. त्या बाईचा चेहरा आठवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण बघितलाच नव्हता तर आठवणार काय? तिला फार लाज वाटली. विसरल्याची लाज तिच्या ओळखीची होती, लहानपणापासून सोबत होती. ही लाज वेगळी होती, कारण या वेळी ती काहीच विसरली नव्हती.

टिकली तशीच चार्जिंगला सोडून ती बोळात गेली.

रेहानाभाभी पन्नाशीच्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर जांभळी साडी, पाय मशीनवर. केतकीला बघून त्यांनी पाय थांबवला, पण उठल्या नाहीत.

"बसा मॅडम. फॉल लावायचाय?"

"नाही. मी माफी मागायला आलेय. त्या दिवशी तुम्ही आलात आणि मी वर बघितलंसुद्धा नाही."

"कामात हुता." त्यांनी साडीची घडी सारखी केली. "मला सभासद व्हायचं नव्हतं, मॅडम. फॉर्मवर शिफारस लागती, कुणाची मागायची? मला एवढंच इचारायचं हुतं, ते गलबत बुडलं का वाचलं. अर्ध्यात आले आन पुस्तकच खिडकीतनं गेलं. नववीत शाळा सुटली तवापास्नं मी जे काय वाचलं ते तुमी ठेवलेलं. मधमाशा म्हणू नका, पटकीची साथ म्हणू नका. मला वाटायचं, ह्या बाईला बरोबर कळतंय मला आता काय पायजे ते." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तुमी माझ्यासाठीच ठेवत हुता न्हवं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. केतकीच्या जिभेवर हो आलंही होतं.

"नाही, भाभी," ती म्हणाली. "मी विसरत होते. मला तो आजारच आहे. हातातली वस्तू कुठे ठेवली ते राहत नाही माझ्या लक्षात."

रेहानाभाभींनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो बराच वेळ पुसला.

"इतकी वर्सं?"

"इतकी वर्षं."

"बरं, इसरत हुता. मग दर येळी तितंच कशा इसरत हुता? एवढं मोठं वाचनालय पडलंय."

केतकी उगीच इकडेतिकडे बघायला लागली, आणि बघता बघता तिला बोळापलीकडची मुक्तद्वाराची खिडकी दिसली. अगदी समोर, मशीनच्या रेषेत. भाभींनी सवयीने पाय हलवला, मशीन खडखडली, जांभळा काठ सरसर पुढे सरकला.

"या आवाजाने," केतकी सावकाश म्हणाली. "मशीनचा आवाज आला की मी खिडकीशी यायचे. आज कुठला रंग आहे ते बघायला. तुमचे हात कसे चालतात ते बघायला. गज धरायला हात मोकळे हवेत, म्हणून पुस्तक खाली ठेवायचे. आणि मग ते तिथेच राहायचं."

"म्हंजे तुमी माझ्याकडं बघत हुता," भाभी म्हणाल्या, "आन मी पुस्तकाकडं." त्यांच्या ओठाच्या कडेला हसू येऊन गेलं. ते लगेच आवरून त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी येते. पण एक सांगते. पुन्हा तुमी मान वर केली न्हाई, तर मग मला बोलवायला येऊ नका."

उद्याच तपासणी होती. केतकीने ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाभी म्हणाल्या असत्या, मग परवा येते, आणि परवा त्या आल्या नसत्या.

तपासणीला शेटे मॅडम आल्या. बुटक्या, चटपटीत, हातात पेन. त्या मनाला येईल तो नंबर सांगायच्या आणि केतकीने ते पुस्तक आणून समोर ठेवायचं. टिकली कपाळावर होती आणि केतकी वाऱ्यासारखी चालत होती. नंबर, कपाट, पुस्तक, टेबल. खटावकर सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड येत होता. मध्येच ते शेटे मॅडमना म्हणाले, "कायम नेमणुकीचा ठराव तयारच ठेवलाय आम्ही."

"आता हे शेवटचं," शेटे मॅडमनी नंबर सांगितला. केतकी पुस्तक घेऊन परतत होती, तेवढ्यात काऊंटरशी बांगड्या वाजल्या.

"मॅडम."

मुंगी चालली. आवाज लांब जायला लागला. केतकीला आज ते जाणवलं, कारण आज ती त्याची वाट बघत होती. हाक ऐकू येत होती पण तिचं वजन कमी होत चाललं होतं, आणि हातातलं पुस्तक, त्यावरचा नंबर, टेबलापर्यंतची वाट मात्र लख्ख उजळत होती. आणखी थोडं चाललं की संपलं. मग वळून बोलता येईल, तिचं मन म्हणत होतं, आणि ते मन तिचं होतं की टिकलीचं, ते तिला सांगता आलं नसतं. टिकली नुसती उपटून काढली असती तरी चाललं असतं, पण मग तिने उद्या ती पुन्हा लावली असती आणि उद्याही तेच झालं असतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने टिकलीवर अंगठा दाबून धरला. डॉक्टरांनी दाखवलेलं बटण. एक बारीक शिट्टी वाजली आणि इतक्या दिवसांचं शिकवलेलं सगळं पुसलं गेलं.

लगेच सगळं एकदम आत घुसलं. पंख्याची कर्र, शेटे मॅडमच्या पेनची टकटक, भिंतीवरची चुकीची वेळ दाखवणारी घड्याळाची तबकडी, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा वास. केतकीने मान वर केली. समोर रेहानाभाभी होत्या, धुतलेल्या मोतिया साडीत, एक भुवई जरा वर चढवून.

"या भाभी," केतकी म्हणाली. "गलबत काढून ठेवलंय. चला, देते."

ती त्यांना घेऊन मुक्तद्वारात गेली. गलबतांची कादंबरी त्यांच्या हातात दिली, जांभळी पट्टी तिने पुन्हा अर्ध्यावर घालून ठेवली होती. शेवट मीही वाचलेला नाही, मला सांगा, असं ती म्हणाली. भाभी म्हणाल्या, सांगते, पण बुडालं असलं तर रडायचं न्हाई. दोघी हसल्या. खिडकीबाहेर कुणी तरी हिरवागार पतंग तारेत अडकवून ठेवला होता, तोही दोघींनी बघितला.

"नलवडे मॅडम," खटावकर सर दारात उभे होते. "शेवटचं पुस्तक?"

केतकीने हातांकडे बघितलं. हात रिकामे होते. ती कपाटांच्या खोलीत धावली, काऊंटरवर बघितलं, जिन्यात बघितलं, जुन्या सवयीने पाण्याच्या टाकीवरसुद्धा बघितलं. शेटे मॅडम पेनची टकटक करत बसल्या होत्या. सरांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता, आणि त्यांच्याकडे बघून केतकीला स्वतःपेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

"हे काय?" रेहानाभाभींचा आवाज आला. त्यांनी शोधलंच नव्हतं. त्या सरळ खिडकीशी गेल्या होत्या आणि पतंगाच्या बाजूच्या कोपऱ्यातून पुस्तक उचलून आणलं होतं. "इतंच असतंय की."

शेटे मॅडमनी पुस्तक हातात घेतलं, नंबर बघितला, मग भाभींकडे आणि त्यांच्या बगलेतल्या कादंबरीकडे बघितलं. "या सभासद आहेत?"

"नाहीत," केतकी म्हणाली.

"मग पुस्तकं मुक्तद्वारात कशी?"

सरांनी डोळे मिटून घेतले. चूक झाली, एवढं म्हणून सुटता आलं असतं.

"मी ठेवते," केतकी म्हणाली. "आधी विसरून ठेवत होते. यापुढे आठवणीने ठेवीन."

शेटे मॅडमनी काहीतरी लिहिलं. लिहिताना त्या हसल्या की ओठ आवळले, ते सांगणं कठीण होतं. वाचनालयाचा दर्जा शाबूत राहिला, कारण बाकी साठा चोख होता. पण शेरा पडला, आणि त्या शेऱ्यामुळे कायम नेमणुकीचा ठराव वर्षभर पुढे गेला. आपोआप पुस्तक देणाऱ्या कपाटाचा विषयही तेवढाच पुढे गेला.

"इतकं जवळ आलं होतं तुमचं," खटावकर सर सगळे गेल्यावर म्हणाले. ते रागावले नव्हते, दमले होते.

"हो सर," केतकी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिला कायम व्हायचंच होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकापर्यंत आली आणि तिथेच घुटमळली. योगेश कडी काढून उभा होता, गप्प.

"म्हण ना," ती म्हणाली.

"काय?"

"तुला माहितीये काय."

त्याने घसा खाकरला. "चावी, मोबाईल, चष्मा, डबा." डबा आत होता. तो घेऊन बाहेर येताना तिच्या हातात डबा तर होताच, वर मिठाची बरणीही होती. योगेशने बरणी काढून घेतली. हसला नाही, पण खूप दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले. मग त्याने तिच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आणि टिकली."

टिकली आत आरशावर चिकटलेली होती. ती आणून लावता लावता केतकी म्हणाली, "त्या नव्या यंत्रांचं काय झालं रे? संध्याकाळी सगळं सांग. पहिल्यापासून." टिकलीवर बोट टेकवायचं तिला फाटकापुढे गेल्यावर आठवलं. ती परत आली, योगेशसमोर उभी राहिली आणि तेव्हा टेकवलं. तो गोंधळून बघत राहिला.

दुपारी मुक्तद्वारात कुणी नव्हतं. बोळातून मशीनची खडखड आली. केतकीच्या हातात परत आलेलं पुस्तक होतं, त्याचं कपाट उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली, खिडकीशी गेली आणि पुस्तक खाली ठेवून गज धरला. समोर आज केशरी रंग होता. भाभींनी मान वर केली, कादंबरी उंच धरून दाखवली आणि बोटाने खूण केली, अजून थोडी राहिलीय.

केतकीने त्यांच्यावरची नजर न काढता हात कपाळाकडे नेला आणि टिकलीवर बोट टेकवलं.